स्टील फ्रेममधले सेमी-रिजिड जोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिवंडीची गोदामं, लोअर परळच्या जुन्या गिरण्यांमधले पोटमाळे, नवी मुंबईतली औद्योगिक शेड, उपनगरांतल्या स्टीलच्या ऑफिस इमारती अशा कामांवर डिझाइन इंजिनिअर, ड्राफ्ट्समन, फॅब्रिकेटर आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. बहुतेक आकडे एकाच बीमवर मांडले आहेत. कॅल्क्युलेटर घेऊन ते पडताळत वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

सेमी-रिजिड जोड म्हणजे नेमकं काय?

बीमला कॉलमशी जोडताना विश्लेषणात आपण दोनपैकी एक गृहीतक धरतो. पिन धरला तर जोड मोकळा फिरतो आणि मोमेंट (वाकवणारा परिणाम) घेत नाही. रिजिड धरला तर बीम आणि कॉलम यांच्यातला कोन बदलतच नाही. प्रत्यक्षात बोल्ट ताणला जातो, एंड प्लेट (बीमच्या टोकाला वेल्ड केलेली प्लेट) वाकते, कॉलमचा फ्लँज (आय-आकाराची कडेची पाटी) बाहेर ओढला जातो, वेबचा (दोन फ्लँजमधल्या पाटीचा) पॅनेल शिअरमध्ये तिरका होतो. त्यामुळे जोड थोडा फिरतो आणि थोडा मोमेंटही घेतो. मोमेंट आणि फिरण्याचा कोन यांचं गुणोत्तर म्हणजे त्या जोडाची फिरण्याविरुद्धची ताठरता. पुढे तिला नुसतं ‘के’ म्हटलं आहे, एकक किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियन. ही ताठरता विश्लेषणाचं उत्तर बदलण्याइतकी मधली असेल, तर तो जोड सेमी-रिजिड.

स्टील बांधकामाचं भारतीय मानक आयएस ८००:२००७ मध्ये रिजिड, सेमी-रिजिड आणि सिंपल असे बांधणीचे तिन्ही प्रकार मान्य आहेत. तरी आपल्याकडच्या बहुतेक डिझाइन रिपोर्टमध्ये मधला प्रकार सापडत नाही.

पिन धरला की आपण सुरक्षित बाजूलाच असतो ना?

बीमपुरतं बहुधा हो. कॉलम, वेल्ड आणि बोल्ट यांच्याबाबतीत नाही.

जोड पिन धरला तर बीमचा मध्यावरचा मोमेंट सर्वांत मोठा येतो, म्हणून बीम भक्कम निघतो. पण जोड प्रत्यक्षात जो मोमेंट घेतो तो थेट कॉलममध्ये जातो, आणि कॉलम त्यासाठी तपासलेला नसतो. पुढच्या प्रश्नातल्या बीमची टोकाची प्रतिक्रिया ११२.५ किलोन्यूटन आहे. सिंपल जोडासाठी आयएस ८०० ही प्रतिक्रिया कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून १०० मिमीवर धरायला सांगतं. कॉलम ३०० मिमी खोल असेल तर मध्यरेषेपासून अंतर २५० मिमी आणि कॉलमवरचा मोमेंट साधारण २८ कि.न्यू.मी. तोच जोड २०,००० ची ताठरता दाखवत असेल, तर कॉलमला मिळतात जवळपास ७८. कडेच्या कॉलमला हा फरक सोसवेलच असं नाही.

दुसरी गोष्ट लवचीकतेची. पिन धरलेला जोड फिरायला तयार हवा. पातळ क्लीट अँगल (बीमला कॉलमशी जोडणारा एल-आकाराचा तुकडा) असेल तर तो वाकून जागा करून देतो. पण ‘मजबुतीसाठी’ म्हणून साइटवर त्याच क्लीटला चारही बाजूंनी वेल्ड मारला, तर फिरण्याचा सगळा भार वेल्डच्या टोकावर येतो. वेल्ड वाकत नाही, तडकतो. हा वेल्ड कुठल्याही ड्रॉइंगवर नसतो. चांगल्या हेतूने मारलेला असतो आणि नुकसान करतो.

एका बीमवर आकडे दाखवता येतील का?

आयएसएमबी ४५० (४५० मिमी खोल, आय-आकाराचा प्रमाणित बीम) घ्या. इनर्शिया ३०,३९० सेंमी⁴, इलॅस्टिक मोड्युलस २ लाख न्यूटन/मिमी². मग ईआय, म्हणजे या दोघांचा गुणाकार, येतो सुमारे ६०,७८० कि.न्यू.मी.². स्पॅन ७.५ मीटर, सर्व्हिस भार ३० किलोन्यूटन प्रति मीटर. कॉलम स्वतः फिरत नाही असं सध्या धरू.

दोन्ही टोकांना सारखीच ताठरता ‘के’ असेल तर आधी एक गुणोत्तर काढा : अ = ईआय ÷ (के × स्पॅन). टोकाचा मोमेंट म्हणजे फिक्स्ड (टोकं अजिबात न फिरणाऱ्या) बीमचा टोकाचा मोमेंट भागिले (१ + २अ). एवढं एक सूत्र पाठ असलं तरी बरीच कामं निभावतात.

इथे फिक्स्ड मोमेंट १४०.६ आणि सिंपल बीमचा मध्यावरचा मोमेंट २१०.९ कि.न्यू.मी. के = २०,००० घेतला तर अ = ०.४०५. टोकाला ७७.७, मध्यावर १३३.२. बाक सिंपल धरला तर २०.३ मिमी, पूर्ण फिक्स्ड धरला तर ४.१ मिमी, सेमी-रिजिड धरला तर ११.३ मिमी. जोड फिरतो ०.००३९ रेडियन. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, बोल्टच्या भोकांचा विषय निघेल तेव्हा लागेल.

अ जेव्हा एक षष्ठांश असतो, म्हणजे के = ६ ईआय ÷ स्पॅन, तेव्हा टोकाचा आणि मध्याचा मोमेंट सारखा होतो : भार गुणिले स्पॅनचा वर्ग भागिले १६. या बीमला त्यासाठी साधारण ४८,६०० लागेल. गुरुत्वभारापुरतं याहून ताठर जोडाच्या मागे लागून बीमचं वजन कमी होत नाही, कारण मग टोकच बीमचा आकार ठरवू लागतं.

मग स्टील किती वाचतं?

याच उदाहरणात भाराला १.५ चा गुणक लावला तर सिंपल बीमला ३१६ कि.न्यू.मी. लागतात. ई२५० ग्रेडच्या आयएसएमबी ४०० ची क्षमता सुमारे २६७, म्हणून तो नापास. आयएसएमबी ४५० ची ३४८, म्हणून तो घ्यावा लागतो.

आता आयएसएमबी ३५० बघू. क्षमता सुमारे २०२. बीम उथळ झाला की जोडाचा लिव्हर आर्म (ताण आणि दाब यांच्यातलं अंतर) घटतो आणि ताठरता लिव्हर आर्मच्या वर्गाने कमी होते. तीच एंड प्लेट आणि तेच बोल्ट ठेवले तर २०,००० ऐवजी सुमारे १२,१०० धरायला हवेत. हा मुद्दा अनेक जण विसरतात : बीम बदलतात आणि ‘के’ जुनाच ठेवतात. १२,१०० वर मध्यावरचा गुणित मोमेंट १८४.६ येतो, २०२ च्या आत. बाक २२.७ मिमी, स्पॅन भागिले ३०० म्हणजे २५ मिमीच्या आत. प्रति मीटर ७२.४ किलोऐवजी ५२.४ किलो, म्हणजे एका बीमला १५० किलो कमी.

हे १५० किलो फुकट मिळत नाहीत. टोकाला गुणित १३२ कि.न्यू.मी. झेलणारा जोड करावा लागतो, कडेच्या कॉलमला तो मोमेंट द्यावा लागतो, आणि टोकाजवळ खालचा फ्लँज दाबात येत असल्याने तिथे पार्श्व-बकलिंग, म्हणजे बाजूला कलंडून वाकणं, तपासावं लागतं (वरच्या फ्लँजला स्लॅबचा आधार असतो, खालच्याला नसतो). एकसारखे शंभर बीम असतील तर गणित जमतं. आठ-दहा बीमच्या पोटमाळ्यात डिझाइनचे तास आणि जादा ड्रिलिंग यांतच बचत संपते.

जोड सेमी-रिजिड आहे हे ठरवायचं कसं? आयएस आणि युरोकोडचं उत्तर वेगळं का येतं?

दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. आयएस ८०० च्या परिशिष्ट एफ मध्ये बीमच्या खोलीच्या पाचपट लांबी संदर्भाला घेतली आहे. तिचा अर्थ सोडवला तर ताठरता ईआय भागिले दुप्पट खोलीपेक्षा जास्त असली की रिजिड, आणि ईआय भागिले दहापट खोलीपेक्षा कमी असली की लवचीक. शिवाय ताकदीची अट : बीमच्या प्लॅस्टिक मोमेंटच्या (पूर्ण छेद यील्ड होतानाच्या मोमेंटच्या) ०.७ पटीच्या वर रिजिड, ०.२ पटीच्या खाली लवचीक. स्पॅन कुठेच येत नाही.

युरोकोड ३ (भाग १-८) स्पॅन वापरतो. ईआय भागिले स्पॅनच्या अर्ध्या पटीपर्यंत पिन. ब्रेसिंगने (फ्रेमला आवरणाऱ्या तिरक्या दांड्यांनी) बाजूची हालचाल किमान ८० टक्के कमी होत असेल तर ८ पटीपासून रिजिड, बाकी फ्रेममध्ये २५ पटीपासून. अमेरिकेच्या एआयएससी ३६० मध्ये या मर्यादा २ आणि २० आहेत आणि ताठरता सर्व्हिस भारावरची सीकंट, म्हणजे शून्यापासून त्या बिंदूपर्यंतच्या सरळ रेषेची, घ्यायची असते.

आपल्या आयएसएमबी ४५० वर लावून बघा. आयएसप्रमाणे लवचीकतेची मर्यादा साधारण १३,५०० आणि रिजिडची ६७,५००. युरोकोडप्रमाणे पिनची ४,०५०, रिजिडची ब्रेस्ड फ्रेमला ६४,८०० आणि ब्रेसिंग नसलेल्या फ्रेमला २,०२,६००. म्हणजे १०,००० चा जोड आयएसच्या लेखी लवचीक आणि युरोकोडच्या लेखी सेमी-रिजिड. एक लाखाचा जोड आयएसच्या लेखी रिजिड, पण ब्रेसिंग नसलेल्या फ्रेममध्ये युरोकोड त्याला सेमी-रिजिडच म्हणतो.

आमचं मत स्पष्ट आहे : कामाला आयएस लागू असेल तर वर्गीकरण आयएसप्रमाणे नोंदवा, पण ब्रेसिंग नसलेल्या फ्रेममध्ये ‘रिजिड’ शिक्का मिळाला म्हणून विश्लेषणात जोडाच्या जागी घातलेली स्प्रिंग काढून टाकू नका. स्प्रिंग घालून आणि न घालता, दोन्ही विश्लेषणं चालवून बाजूची हालचाल किती बदलते ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

ताठरतेचा आकडा आणायचा कुठून?

तीन वाटा आहेत.

पहिली, फ्राय-मॉरिस यांचं १९७५ चं बहुपदी सूत्र. आयएस ८०० च्या परिशिष्टातही तेच आहे. जोडाचा प्रकार निवडा, प्लेट किंवा अँगलची जाडी आणि बोल्टमधलं अंतर भरा, मोमेंटपासून कोन मिळतो. पटकन आकडा हवा असेल तर ठीक. पण त्यातले घातांक अपूर्णांकात आहेत, त्यामुळे तक्त्यात दिलेल्या एककाऐवजी दुसरं एकक घातलंत तर उत्तर थोडं चुकत नाही, पूर्ण निरर्थक होतं. शिवाय बहुपदी असल्यामुळे काही टप्प्यांत वक्राचा उतार उलटा होऊ शकतो, आणि तिथे नॉनलिनिअर विश्लेषण अडकतं. हे टाळायला किशी-चेन यांचं तीन घटकांचं घातसूत्र बरं : सुरुवातीची ताठरता, अंतिम मोमेंट आणि वक्राचा आकार ठरवणारा एक घातांक. त्याचा वक्र कधी उलटत नाही.

दुसरी, युरोकोडची घटक पद्धत. जोडातला प्रत्येक लवणारा भाग एक स्प्रिंग मानायचा : वेबचा शिअर पॅनेल, दाबातली वेब, ताणातली वेब, वाकणारा कॉलम फ्लँज, वाकणारी एंड प्लेट, ताणातले बोल्ट. मग त्यांची मालिका जोडायची. मेहनत जास्त, पण कोणता भाग ढिला आहे हे डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्ष कामाला आमची पसंती हीच.

तिसरी, प्रयोग किंवा फायनाइट एलिमेंट मॉडेल. शंभर-दोनशे एकसारखे जोड असतील किंवा नेहमीच्या प्रकारात न बसणारा जोड असेल तरच परवडते.

एंड प्लेट जाड केली की जोड ताठर होतो, बरोबर?

प्लेट हाच ढिला भाग असेल तरच. यावर जरा थांबू, कारण पैसा इथेच वाया जातो.

वाकणाऱ्या प्लेटची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि बोल्टपासून वेल्डच्या पायथ्यापर्यंतच्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. १६ ची प्लेट २० केली की त्या घटकाची ताठरता १.९५ पट झाली. पण शॉपमध्ये स्पॅनर फिरायला जागा हवी म्हणून ते अंतर ४० वरून ५० मिमी केलं, तर ती १.९५ पटीनेच खाली आली. प्लेटची परिणामकारक लांबी (वाकण्यात भाग घेणारा पट्टा) तीच राहिली असं धरलं, तर तुम्ही प्लेटचं वजन चौथ्या हिश्शाने वाढवलं आणि मिळवलं शून्य. म्हणून बोल्टचं अंतर ड्रॉइंगवर मिलिमीटरमध्ये हवं आणि ‘डिझायनरच्या परवानगीशिवाय बदलू नये’ ही टीप त्याच्या शेजारीच हवी.

दुसरी बाजू कॉलमची. आयएसएचबी ३०० चा फ्लँज फक्त १०.६ मिमी जाड आहे. त्यावर २० मिमीची प्लेट बोल्ट केली तर, बाकी मापं सारखी धरून, फ्लँजची ताठरता प्लेटच्या १५ टक्के. स्प्रिंग मालिकेत असल्याने सगळा जोड फ्लँजच्या तालावर चालतो. प्लेट २५ केली तरी फरक नगण्य. तिथे कॉलममध्ये ताणाच्या पातळीवर आडवे स्टिफनर घाला, किंवा फ्लँजमागे बॅकिंग प्लेट द्या. बॅकिंग प्लेटने मुख्यतः ताकद वाढते, ताठरतेसाठी स्टिफनरच बरे.

कॉलमच्या वेबला, म्हणजे कमकुवत अक्षाला, जोडलेला बीम असेल तर वेब पडद्यासारखी आत-बाहेर होते. मागे स्टिफनर किंवा समोरून दुसरा बीम नसेल तर त्या जोडाला ताठरता मोजूच नका.

कळंबोलीच्या स्टील बाजारात ई२५० ची प्लेट मिळाली नाही म्हणून ई३५० घेतली तर काय, असंही विचारलं जातं. ताकद वाढेल, ताठरता तसूभरही नाही, कारण इलॅस्टिक मोड्युलस दोन्हींचा एकच. आणि प्लेट ताकदवान झाल्यावर आधी बोल्ट तुटण्याची शक्यता वाढते. तो बदल पुन्हा तपासल्याशिवाय मान्य करू नये.

स्टाड किंवा ईटॅब्समध्ये हे द्यायचं कसं?

स्टाड या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मेंबर रिलीजखाली (बीमच्या टोकाचं बंधन सैल करण्याच्या सोयीत) दोन पर्याय दिसतात : ‘एमपी’ गुणक आणि ‘केएमझेड’ स्प्रिंग. स्प्रिंगच वापरा. एमपी ०.५ म्हणजे टोकाला निम्मा मोमेंट असा समज सर्रास आहे आणि तो चूक आहे. तो गुणक मोमेंटशी संबंधित ताठरतेच्या सहगुणकांना लागतो, प्रत्यक्ष मोमेंट किती येईल ते फ्रेमवर अवलंबून असतं. ईटॅब्स आणि सॅपमध्ये फ्रेम रिलीजच्या खिडकीतच आंशिक फिक्सिटीचा रकाना आहे, तिथे ताठरता रेडियनमागे द्यायची.

सगळ्यात महाग पडणारी चूक अंश आणि रेडियनची. स्टाडमध्ये सपोर्टच्या फिरत्या स्प्रिंग अंशामागे द्यायच्या असतात. एक रेडियन म्हणजे ५७.३ अंश. म्हणजे आपले २०,००० प्रति रेडियन हे ३४९ प्रति अंश. अंश अपेक्षित असताना २०,००० टाकले तर टोकाचा मोमेंट १३८.६ येतो, बीम जवळपास फिक्स्ड. रेडियन अपेक्षित असताना ३४९ टाकले तर ३ येतो, बीम जवळपास पिन. दोन्ही उत्तरं दिसायला अगदी नेहमीची असतात, म्हणून कोणाला शंका येत नाही.

उपाय सोपा आहे. खरं मॉडेल उघडण्याआधी वरचा बीम एकटा टाका : दोन फिक्स्ड सपोर्ट, ७.५ मीटर, ३० किलोन्यूटन प्रति मीटर, स्वतःचं वजन वेगळं न धरता, दोन्ही टोकांना स्प्रिंग. टोकाला ७७.७ आणि मध्यावर ११.३ मिमी बाक यायला हवा. सॉफ्टवेअर शिअरचा बाक धरत असेल तर अर्धा-पाऊण मिमी जास्त दिसेल. जुळलं की मगच पुढे जा.

वक्र सरळ नसतो, मग कोणती ताठरता घ्यायची?

सुरुवातीची ताठरता जोडाच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशापर्यंत चालते. त्यापुढे जोड मऊ होतो. बीम-कॉलम जोडासाठी युरोकोडची सोपी वाट अशी : सर्व भारांना एकच सरळ रेषा हवी असेल तर सुरुवातीच्या ताठरतेच्या निम्मी घ्या. आयएसएमबी ३५० च्या उदाहरणात आपण १२,१०० वापरले. ते निम्मे मूल्य असेल तर जोडाची सुरुवातीची ताठरता २४,२०० हवी. नाहीतर जोडाची क्षमता इतकी ठेवा की १३२ हा तिचा दोन तृतीयांश असेल, म्हणजे १९८ कि.न्यू.मी.

भार काढताना जोड पुन्हा सुरुवातीच्या ताठरतेनेच परततो. वारा येऊन गेल्यावर थोडा कोन कायमचा राहतो तो त्यामुळे.

वाऱ्याला आणि भूकंपाला सेमी-रिजिड फ्रेम पुरते का?

गुरुत्वभाराला छान चालणारा जोड बाजूच्या भाराला फसवतो. तीच ‘अ’ घ्या. गुरुत्वभारात टोकाच्या मोमेंटला गुणक होता १/(१ + २अ), म्हणजे ०.५५. फ्रेम बाजूला झुकते तेव्हा बीम दुहेरी वळणात जातो आणि त्याच्या ताठरतेला गुणक लागतो १/(१ + ६अ), म्हणजे ०.२९. जो जोड फिक्स्ड मोमेंटचा ५५ टक्के भाग घेत होता, तो बाजूच्या हालचालीला बीमची फक्त २९ टक्के ताठरता पोचवतो. ब्रेसिंग नसेल तर मजल्याची सरकण झपाट्याने वाढते आणि तिच्यामागून पी-डेल्टाचा परिणाम (सरकलेल्या फ्रेमवर उभ्या भाराने वाढणारा मोमेंट) येतो.

मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग आयएस ८७५ भाग ३ (२०१५) प्रमाणे ४४ मीटर प्रति सेकंद, आणि आयएस १८९३:२०१६ प्रमाणे भूकंप विभाग ३. मोकळ्या किनाऱ्यालगत तीन-चार मजल्यांच्या वर गेलात तर ब्रेसिंग किंवा काँक्रीटचा गाभा द्या आणि सेमी-रिजिड जोड गुरुत्वभारासाठी ठेवा, असा आमचा सल्ला. गाळ्यात ब्रेसिंगला जागाच नाही असं आर्किटेक्ट म्हणत असतील, तर ते संकल्पनेच्या टप्प्यावरच भांडून घ्या.

ऑर्डिनरी मोमेंट फ्रेममध्ये आयएस ८०० सेमी-रिजिड जोडाला परवानगी देतं, पण अट घालून : जोडलेल्या बीमच्या पूर्ण प्लॅस्टिक मोमेंटच्या किमान ०.५ पट, किंवा व्यवस्थेकडून येऊ शकणारा कमाल मोमेंट, यांतला लहान तो आकडा जोडाने झेलला पाहिजे, आणि तोही ०.०१ रेडियनच्या आत. पातळ क्लीटचे जोड इथे सरळ बाद होतात.

जोड मऊ केले की फ्रेमचा आवर्तकाल (एका झोक्याला लागणारा वेळ) वाढतो आणि भूकंपबल कमी दिसतं. त्यावर खूश होऊ नका. डायनॅमिक विश्लेषणाचा बेस शिअर (पायथ्यावरचं एकूण आडवं बल) सूत्रातल्या आवर्तकालाच्या बेस शिअरपेक्षा कमी आला तर तो वर न्यावा लागतो. बल कमी होत नाही, सरकण मात्र वाढलेली राहते. मजल्याची सरकण उंचीच्या ०.००४ पटीत बसते का ते बघा. बहुतेक वेळा डिझाइन इथेच अडतं.

कॉलमची परिणामकारक लांबी कशी काढायची?

कोडच्या आलेखात बीमची ताठरता भरताना वरचेच गुणक लावा : सरकणाऱ्या फ्रेमला १/(१ + ६अ), न सरकणाऱ्याला १/(१ + २अ). पूर्ण ताठरता भरली तर परिणामकारक लांबी, म्हणजे बकलिंगच्या हिशेबात धरायची लांबी, कमी येते आणि कॉलम हलका निघतो, जो धोका आहे. दुसऱ्या ऑर्डरचं (फ्रेमची सरकण हिशेबात घेणारं) विश्लेषण स्प्रिंगसह करत असाल तर नोशनल (कल्पित आडवा) भार, म्हणजे मजल्याच्या गुणित गुरुत्वभाराच्या ०.५ टक्के, विसरू नका.

क्लीट अँगलच्या जोडात बोल्टची भोकं मोठी असतात, त्याने काय होतं?

एम२० बोल्टला भोक २२ मिमी. बोल्ट मधोमध बसला असेल तर दोन्ही भागांच्या भोकांत मिळून एका फ्लँजला २ मिमी घसरायला जागा आहे. ४५० खोलीच्या बीमला हे ०.००४४ रेडियन. आपल्या उदाहरणात पूर्ण सर्व्हिस भारावर जोडाने फिरायचं होतं ०.००३९. म्हणजे साधे बोल्ट असतील तर भार पूर्ण येईपर्यंत जोड नुसता घसरत राहू शकतो. गणितातली ताठरता कागदावरच राहते.

म्हणून क्लीटच्या सेमी-रिजिड जोडाला एचएसएफजी (घर्षणाने पकडणारे उच्च ताकदीचे) बोल्ट लावा. ८.८ ग्रेडच्या एम२० मध्ये सुमारे १३७ किलोन्यूटन ताण बसतो. पण तो ताण घर्षणात किती उतरतो हे पृष्ठभागावर ठरतं. आयएस ८०० मध्ये शॉटब्लास्ट केलेल्या पृष्ठभागाचा गुणक ०.५०, काहीच न केलेल्याचा ०.२०, आणि रेड लेड फासलेल्याचा ०.१. रंगाऱ्याने क्लीटची आतली बाजू उत्साहाने रंगवली तर घर्षण पाचपटीने गेलं. शॉपमधून माल निघण्याआधी त्या जागांवर टेप लावायला सांगा.

पावसाळ्यातली एक खास अडचण. जूनमध्ये बोल्टचे डबे साइटवर उघडे पडले की आट्यांवरचं तेल धुऊन जातं आणि गंज धरतो. मग टॉर्क रेंच ‘टक’ करतो, पण तो टॉर्क आट्यांच्या घर्षणात गेलेला असतो, बोल्टमध्ये ताण आलेलाच नसतो. असे बोल्ट बाजूला काढा. जमल्यास पार्ट-टर्न पद्धत (नट ठरावीक कोनात फिरवून आवळणे) किंवा ताण दाखवणारे वॉशर वापरा.

इरेक्शनच्या क्रमाने फरक पडतो का?

पडतो. बोल्ट नुसते हाताने लावलेले असताना, ओळंबा (कॉलम सरळ उभे करणे) व्हायच्या आधीच डेकवर काँक्रीट ओतलं, तर ओल्या काँक्रीटचा भार बीम सिंपल म्हणून घेतो आणि सेमी-रिजिडपणा फक्त पुढच्या भारांना मिळतो. हिशेब एकाच टप्प्यात केला असेल तर मध्यावरचा मोमेंट कमी धरला गेला. क्रम असा ठेवा : ओळंबा, शिम (फट भरणाऱ्या पातळ पट्ट्या), पूर्ण आवळणे, तपासणी, मग काँक्रीट.

वेल्डच्या उष्णतेने एंड प्लेट वाकडी होते आणि कॉलमच्या फ्लँजला फक्त कडांवर टेकते. मध्ये फट राहिली की सुरुवातीचा मोमेंट ती फट मिटवण्यात जातो. फट दिसली तर बोल्टच्या दोन्ही बाजूंनी बसणारे फाट्याचे शिम घाला. नुसतं ओढून आवळत बसू नका, प्लेटमध्ये आधीच ताण भरला जातो.

स्लॅबच्या सळयांचा परिणाम धरायचा का?

कॉलमभोवती सलग सळई गेली असेल तर शिअर टॅबसारखा (वेबला बोल्ट केलेल्या एका उभ्या पाटीचा) साधा जोडही मोमेंट घेऊ लागतो, कारण वर सळई ताणात आणि खाली टॅब दाबात. धरायचा असेल तर पूर्ण कंपोझिट (स्टील आणि स्लॅब एकत्र काम करणारा) जोड म्हणून डिझाइन करा. धरायचा नसेल तर कॉलमपाशी स्लॅबला भेगा जातील हे मालकाला आधीच सांगा आणि भेग-नियंत्रणाची जाळी द्या.

गोदामाच्या बेस प्लेटला पिन धरतो. तेही असंच का?

तसंच. चार अँकर बोल्ट आणि जाड प्लेट असलेला ‘पिन’ बेस बराच मोमेंट घेतो. ब्रिटिश पद्धतीत नाममात्र पिन बेसला फ्रेमच्या स्थिरतेसाठी कॉलमच्या ताठरतेच्या १० टक्के आणि सरकण तपासताना २० टक्के धरायची मुभा आहे. पोर्टल फ्रेमची (गोदामाच्या कॉलम-राफ्टर चौकटीची) सरकण मर्यादेच्या थोडी बाहेर जात असेल तेव्हा हा आधार घेता येतो. पण बेसखालचं ग्राउट (प्लेटखाली भरलेलं सिमेंटचं मिश्रण) पोकळ असेल तर तो आधार कागदी ठरतो. ग्राउट भरताना एका बाजूने ओतून दुसऱ्या बाजूने बाहेर येताना दिसलं पाहिजे.

जुन्या गिरणीच्या इमारतीत रिव्हेट केलेले जोड आहेत. काय समजायचं?

खाली सीट अँगल, वर किंवा वेबला अँगल, सगळं रिव्हेटने : हा सेमी-रिजिडच. ब्रिटनमध्ये १९२९ साली नेमलेल्या स्टील स्ट्रक्चर्स रिसर्च कमिटीने प्रत्यक्ष इमारतींवर मोजमापं घेऊन दाखवलं, की अशा फ्रेममधल्या कॉलमवरचे मोमेंट सिंपल डिझाइनशी जुळत नाहीत. गरम मारलेली रिव्हेट थंड होताना आवळते आणि भोकही बऱ्यापैकी भरते, म्हणून घसरण कमी असते. काँक्रीटचं आवरण असेल तर ताठरता आणखी वाढते.

दोन टोकांची विश्लेषणं करा : एकदा पिन धरून बीम तपासा, एकदा चढी ताठरता धरून कॉलम आणि रिव्हेट तपासा. दोन्हींत पास झालं तरच नवा पोटमाळा टेकवा. समुद्राच्या हवेने अँगलच्या कोपऱ्यात गंज बसलेला असतो, तो खरवडून उरलेली जाडी कॅलिपरने मोजा. १० मिमीचा अँगल ८ वर आला असेल तर वाकण्याची ताठरता निम्मी झाली. रासायनिक तपासणी केल्याशिवाय जुन्या स्टीलला वेल्ड लावू नका. सैल रिव्हेट काढून तिथे एचएसएफजी बोल्ट घालणं जास्त भरवशाचं.

कुठे हा प्रकार वापरूच नये?

क्रेन गँट्री (क्रेन ज्यावर धावते ते बीम) आणि सतत कंप असलेल्या यंत्रांच्या चौकटीत नको, तिथे एंड प्लेट आणि वेल्डला थकवा येतो. एका बाजूलाच बीम असलेल्या सडपातळ कॉलमला नको. आणि फॅब्रिकेटर अजून ठरलेला नसेल, शॉप ड्रॉइंग तुमच्याकडे तपासायला येणार नसतील, तिथेही नको.

ड्रॉइंगवर किमान काय लिहायचं?

प्रत्येक जोडप्रकारासाठी : विश्लेषणात धरलेली ताठरता एककासह, जोडाची मोमेंट क्षमता, प्लेटची जाडी आणि ग्रेड, बोल्टचा व्यास, ग्रेड आणि आवळण्याची पद्धत, बोल्टची सर्व अंतरं, कॉलममधले स्टिफनर, रंग न लावायचे पृष्ठभाग, आणि काँक्रीट कधी ओतायचं. फॅब्रिकेटरचं शॉप ड्रॉइंग परत आलं की सगळ्यात आधी तीन गोष्टींवर बोट ठेवा : प्लेटची जाडी, बोल्टपासून वेल्डपर्यंतचं अंतर, स्टिफनर. यांतली एकही बदललेली असेल तर ‘के’ पुन्हा काढा आणि विश्लेषण पुन्हा चालवा.